मूडचा रकाना

फणसवाडीतल्या त्या दोन खोल्यांत पुष्कर लॅपटॉप उघडून बसला, तेव्हा कालिंदीबाईंची पूजा नुकतीच आटोपली होती. बोटांना अजून चंदनाचा वास होता. पुष्कर हा त्यांच्या मुलाचा, उन्मेषचा, शाळेपासूनचा मित्र. दोघं मिळून दादरला एका लहानशा स्टुडिओत संगीत करायचे. उन्मेषला जाऊन आठ महिने झाले होते. त्याची शेवटची धून, नुसत्या वाद्यांची, एका वेबसाइटवर अर्धवट भरलेल्या फॉर्मसकट पडून होती. ती आता लोकांपर्यंत जाऊ दे, असं पुष्करने मनावर घेतलं होतं.

"टेम्पो भरलाय त्याने, बहात्तर. सूर भरलाय, काळी चार. फक्त मूडचा रकाना सोडलाय, काकू," पुष्कर म्हणाला. तो भरल्याशिवाय धून पुढे सरकत नव्हती. लय संथ, त्यात कोमल गंधार, त्यामुळे वेबसाइटने आपणहूनच सुचवलं होतं: उदास.

खिडकीशी पेपर वाचणारे त्यांचे यजमान अप्पा म्हणाले, "यंत्राला मूड कळतो म्हणजे कमालच. मला चाळीस वर्षांत हिचा कळला नाही." मग चष्मा काढून, दुसरीकडे बघत, हळूच म्हणाले, "घाल उदास. दुसरं काय असणार?"

पुष्करने बोट पुढे नेलं. कालिंदीबाईंनी त्याला थांबवलं. आठ महिने जे त्यांनी देवापाशीसुद्धा धड उच्चारलं नव्हतं, ते त्या दिवशी त्याला सांगत बसल्या.

चातुर्मासात त्यांचं मौन असे. सकाळी उठल्यापासून स्तोत्राची अकरा आवर्तनं पुरी होईपर्यंत दुसरा शब्द तोंडातून काढायचा नाही. सासूबाईंनी दिलेला नेम. भाद्रपदातल्या त्या सकाळी उन्मेष हेडफोन हातात घेऊन देवघराशी आला. जरा ऐक ना, आणि याचा मूड काय लिहू ते सांग, म्हणाला. सातवं आवर्तन चाललं होतं. त्यांनी नकाराची मान हलवली. तो थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि गेला. दुपारी भायखळ्याच्या पुलावर त्याची स्कूटर घसरली.

तेव्हापासून त्यांना एकच घोर लागून होता: आपण मान फिरवली म्हणून पोर मन मारून घराबाहेर पडलं. त्या रकान्यात 'उदास' लिहिणं म्हणजे त्यावर आपल्या हाताने शिक्का मारणं.

 ऐकता ऐकता पुष्करच्या कपाळाला आठी पडली.

"पण काकू, तो मूड कधी कोणाला विचारायचा नाही," तो म्हणाला. उन्मेषची पद्धतच उलटी होती. लोक आधी धून करतात आणि मग तिला नाव देतात. हा पहिला स्वर लावायच्या आधी टेम्पो, सूर आणि मूड असं तिन्ही पुष्करला लिहून पाठवायचा. मित्र त्याला चिडवायचे, पत्रिका मांडल्याशिवाय याचं मूल जन्माला येत नाही म्हणून.

पुष्करने मोबाइल काढला. उन्मेषबरोबरच्या चॅटवर बोट ठेवायचा धीर त्याला आजवर झाला नव्हता. बराच वेळ तो वर वर सरकवत राहिला. मग मोबाइल त्याने कालिंदीबाईंच्या हातात दिला. गणपतीच्या आधीची तारीख होती. बहात्तर. काळी चार. मजेत.

त्यांनी तो शब्द दोनदा वाचला. छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं खरं, पण क्षणभरच. मग दुसरं लक्षात आलं. उत्तर त्याच्याकडे पहिल्यापासून होतं. म्हणजे त्याला शब्द नको होता. आईने दोन घटका शेजारी बसून ऐकावं, एवढ्यासाठी तो देवघराशी येऊन उभा राहिला होता.

अप्पांनी पेपर घडी करून ठेवला. 

"त्याने लिहिलंय तेच घाल," शेवटी कालिंदीबाई म्हणाल्या. यादीत 'मजेत' असा शब्द नव्हता. पुष्करने 'आनंदी' निवडलं. वेबसाइटने पुन्हा विचारलं, नक्की ना? त्याने होय म्हटलं आणि धून गेली.

मग त्यांनी हेडफोन मागितले. आजवर ती धून त्यांनी एकदाही ऐकली नव्हती. डोळे मिटून, पाठ ताठ करून त्या बसल्या, देवापुढे बसतात तशा. बासरी यायची, थांबायची, खालून पेटी तिला धरायची. चार मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले.

"मजा कुठे आहे रे यात?" त्यांनी विचारलं. "मला रडूच ऐकू येतंय."

पुष्करने हेडफोनची एक बाजू आपल्या कानाला लावली, धून मधूनच सुरू केली आणि म्हणाला, "हे बघा, इथे. इथे तो हसतोय." पण बोलता बोलता त्याचाच आवाज रडवेला झाला. त्याने हेडफोन त्यांना परत दिले.

"पुन्हा लाव," कालिंदीबाई म्हणाल्या.