करंगळीची रेघ

जाहिरात तीन ओळींची होती आणि तळेगावच्या वाचनालयात चंद्रिकेनं ती उभ्याउभ्याच दोनदा वाचली. लोणावळ्यास तुंगार्लीच्या अंगाला असलेल्या एका बंगल्यात, मातीची भांडी घडवणाऱ्या कलावंतास वर्षभर राहण्याची, जेवणाची आणि भट्टीची सोय होईल, काम आपल्या मनाजोगतं करावं, अर्ज स्वतःच्या अक्षरात लिहावा, एवढंच. मुंबईच्या कलाशाळेत ती तीन वर्षं मातीकाम शिकली होती आणि परत आल्यापासून, म्हणजे आणखी तीन वर्षं, थोरला भाऊ त्र्यंबक याच्या घरात तिनं चाकाला हात लावला नव्हता, कारण त्या घरात चाक ठेवायला जागा नव्हती आणि ठेवू द्यावं असं कोणाला वाटतही नव्हतं. त्र्यंबक शाळामास्तर होता, मनानं वाईट नव्हता. पण बहिणीचं सत्ताविसावं वर्ष सरत आलं होतं आणि कर्जतच्या एका बिजवराकडून दुसऱ्यांदा निरोप आला होता. चंद्रिकेनं अर्ज टाकला, दहा दिवसांनी होकार आला, आणि त्र्यंबकानं ते पत्र वाचून त्याची घडी घातली.

"वर्षभर जा," तो म्हणाला. "कर्जतच्या लोकांना मी वर्षभर थांबवतो. पण मधेच परत आलीस तर ते लग्न करावं लागेल, चंद्रे. मग माझ्यापाशी दुसरं काही कारण उरायचं नाही."

१९३६ सालच्या कार्तिकात ती लोणावळ्याला आली. बंगल्याचे मालक दिगंबरपंत रेल्वेतून निवृत्त झालेले इंजिनीअर होते. सारी नोकरी घाटातल्या बोगद्यांच्या दुरुस्तीत गेली होती आणि म्हातारपणी त्यांना मातीच्या भांड्यांचा नाद लागला होता. स्वतः त्यांना एक पणतीसुद्धा धड करता येत नसे, पण दुसऱ्याला करताना पाहावं, भट्टीजवळ खुर्ची टाकून बसावं, निघालेलं भांडं दोन्ही हातांत फिरवून बघावं, यात त्यांचे दिवस जात. त्यांच्या पत्नी पद्मजाबाई कमी बोलणाऱ्या होत्या. मूलबाळ नव्हतं. बंगल्यामागे कौलारू छपराची लांबलचक खोली होती, तिच्या उत्तरेच्या खिडक्यांतून दिवसभर सारखाच उजेड येई, आणि तिथं पायानं फिरवायची दोन चाकं, फळ्या, मातीचे हौद, सगळं इतकं जागच्या जागी होतं की पहिल्या सकाळी चंद्रिका दारातच उभी राहिली आणि तिला रडू आलं.

माती दर पंधरा दिवसांनी कामशेतजवळच्या वडिवळ्याहून येई. रखमाजी नावाचा तिथला कुंभार गाढवांवर गोण्या लादून ती आणी, आणि भट्टी लावायची असली की दोन दिवस राहून जाई. साठीकडे झुकलेला, हाडापेरानं चिवट माणूस. त्याची माती विलक्षण होती. मुंबईची माती कशी, हातांशी झगडायची. ही मात्र चाकावर बसायच्या आधीच जणू ठरवून आलेली असे. पहिले तीन महिने चंद्रिका पहाटे उठून अंधार पडेपर्यंत काम करी, आणि जेवताना पद्मजाबाई भाताची मूद तिच्या पानात दुसऱ्यांदा वाढत तेव्हा नको म्हणायचंही तिच्या लक्षात येत नसे.

खोलीतल्या वरच्या फळीवर चार पेले मांडलेले होते. तिच्याआधी चार कलावंत इथं राहून गेले होते, चौघंही पुरुष, आणि जाताना प्रत्येकानं एकेक पेला ठेवला होता. माघातल्या एका दुपारी तिनं ते सहज खाली घेतले. एक जाड आणि राकट होता, एक अंड्याच्या टरफलासारखा पातळ. एकाची झिलई करडी, एकाची मधासारखी. बुडाखाली चार निरनिराळ्या सह्या होत्या. मग तिचं लक्ष बुडाच्या जरा वर गेलं. चाकावर भांडं वर उचलताना करंगळी खाली टेकते, तिथं पहिल्या पेल्याला एक तिरपी, खोल रेघ होती. वाकडी झालेली करंगळी ओढत गेल्यासारखी. असं होतं कधीकधी. तिनं दुसरा पेला उलटा केला. तिथंही ती होती. तिसऱ्यालाही. चौथ्याला तर झिलईखालून ती इतकी स्पष्ट दिसत होती की तिनं नकळत आपली करंगळी तीत ठेवून पाहिली. बसली नाही. तिची करंगळी सरळ होती.

रखमाजी दाराशी लाकडं रचत होता. तिनं त्याला विचारलं, "रखमाजीभाऊ, या चौघांचीही करंगळी वाकडी होती का हो?"

"न्हाई," तो म्हणाला. मग एक ओंडका रचत म्हणाला, "आले तवा न्हवती."

हा माणूस थट्टा करतो आहे असं समजून ती हसली. तो हसला नाही. लाकडं रचत राहिला.

फाल्गुनातल्या भट्टीतून तिची बावीस भांडी निघाली. ती नेहमीप्रमाणे एकेक पुसून दिगंबरपंतांच्या हातात देत होती आणि ते चष्मा कपाळावर चढवून पाहत होते. सातव्या भांड्याला त्यांचा हात थांबला.

"आली," ते म्हणाले. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला होता. "अहो, ऐकलंत का? हिलाही आली!"

पद्मजाबाई ओसरीवरून उठून आल्या. बुडाजवळ, झिलईखाली, ती तिरपी रेघ होती.

"चौघांनाही चौथ्या-पाचव्या महिन्यातच आली होती," दिगंबरपंत सांगत होते. "कुठले कुठले लोक, प्रत्येकाचा ढंग वेगळा, पण इथं राहिलं की ही येतेच. मी म्हणतो, ही या मातीची सही आहे. घराणं असतं ना गाण्याचं, तसं."

पद्मजाबाईंनी भांडं हातात घेतलं नाही. पाठ फिरवून जाताना त्या हळूच म्हणाल्या, "तू बाई आहेस म्हणून मला वाटलं होतं, तुला नाही यायची."

दुसऱ्या दिवसापासून चंद्रिका काम करताना आपल्या हाताकडे पाहू लागली. करंगळी सरळ होती, सरळच राहत होती, भांड्याच्या बुडाला ती लागतसुद्धा नव्हती. आणि चाक थांबवून पाहावं तर रेघ असे. तिनं करंगळी शेजारच्या बोटाला चिंधीनं घट्ट बांधली. रेघ आली. तिनं एक संपूर्ण भांडं नुसत्या डाव्या हातानं केलं, ते ओबडधोबड झालं, एका बाजूला कलंडलं, आणि त्या कलंडलेल्या बाजूला बुडाजवळ ती अगदी नेमकी, शांतपणे ओढल्यासारखी होती. तेव्हा तिनं चार दिवस कामच केलं नाही. त्या चार दिवसांत तिला झोप लागली नाही आणि जेवण गेलं नाही. हात मांडीवर ठेवून बसली तरी बोटं आपोआप हलत, काही तरी वर उचलल्यासारखी. पाचव्या दिवशी ती चाकाशी बसली, हात मातीत बुडवले आणि जिवाला इतका आराम वाटला की त्याचीच तिला भीती वाटली.

तिनं दिगंबरपंतांकडून सोपान गाडेकर यांचा पत्ता मागून घेतला. चौघांतले ते शेवटचे; सांगलीकडचे. आपल्याला त्या रेघेविषयी काही सांगता येईल का, असं तिनं पत्र लिहून सरळ विचारलं. चैत्रात उत्तर आलं ते त्यांच्या पत्नीच्या हातचं होतं. 'हे हल्ली पत्र लिहीत नाहीत,' तिनं लिहिलं होतं. 'लोणावळ्याहून आल्यापासून चाकही बंद आहे. प्रकृती चांगली आहे, जेवतात, बोलतात. आपलं पत्र वाचून दाखवलं तेव्हा म्हणाले की वडिवळ्याला खालच्या खाचराचा बांध यंदा तरी घातला का, एवढं विचार. आमची शेती नाही आणि वडिवळे कोठे ते मला ठाऊक नाही. आपणांस ठाऊक असल्यास कळवावे, म्हणजे त्यांच्या मनाला स्वस्थता येईल.'

त्या पत्राची घडी घालताना तिनं पाहिलं की उजव्या हाताची करंगळी मधल्या पेरापासून आत वळली आहे. तिनं दुसऱ्या हातानं ती सरळ केली. ती सरळ झाली, दुखली नाही, आणि सोडल्यावर हळूहळू पुन्हा आत गेली.

वैशाखाच्या तिसऱ्या दिवशी तिनं जायचं ठरवलं. कर्जत तर कर्जत. परक्याच्या घरात चार पोरांची सावत्र आई होणं निदान कळण्यासारखं होतं. तिला वाटलं होतं दिगंबरपंत रागावतील, कराराची गोष्ट काढतील, पण ते फक्त खिन्न झाले, स्वतः टांगा बोलावला, आणि म्हणाले, "दार उघडंच आहे." पद्मजाबाईंनी वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या. टांगा हलायच्या वेळी त्या एकदम जवळ आल्या आणि म्हणाल्या, "नीट तळेगावलाच उतर हं."

असलं सांगायचं काय कारण, असं तिला तेव्हा वाटलं. तिकीट तळेगावचं होतं. दुपारची गाडी जवळजवळ रिकामी होती. मळवली गेलं, उजवीकडे डोंगर तापून पांढरे पडले होते, आणि कुठंकुठं शेतात भातासाठी पालापाचोळ्याचे राब भाजत होते त्याचा धूर खिडकीतून आत येत होता. घरी गेल्यावर त्र्यंबकाला काय सांगायचं, वहिनीला काय सांगायचं, याचा ती अगदी नीट, क्रमानं विचार करत होती. त्या विचारात असतानाच तिच्या ध्यानात आलं की पायांखाली खडी आहे, गाडीची शिट्टी मागून ऐकू येते आहे आणि समोरच्या पाटीवर कामशेत लिहिलेलं आहे.

पुढची गाडी दोन तासांनी होती. स्टेशनात बसून राहायचं, दुसरं काही करायचं नाही, असं तिनं स्वतःला बजावलं. बाकावर बसण्यासाठी ती वळली आणि चालू लागली. रस्ता तिनं कोणाला विचारला नाही. एक ओढा उतरला, तो कोरडा होता. मोठ्या रस्त्यानं न जाता करवंदीच्या जाळीमागून जाणारी पायवाट तिनं धरली, आणि ही पायवाट जवळची आहे हे आपल्याला माहीत आहे, हे चढ अर्धा चढून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. तिनं थांबायचा प्रयत्न केला. खरोखर केला. एका आंब्याच्या खोडाला दोन्ही हातांनी मिठी मारून ती उभी राहिली, पण तिथं उभं राहिल्यावर आतून इतकी घाई सुटली, कुणी तरी वाट पाहून थकलं आहे अशी, की रडत रडतच तिनं हात सोडले.

वडिवळ्याच्या कडेचं ते घर बुटकं होतं. अंगणात गाढवं बांधलेली होती आणि रखमाजी दोरी वळत बसला होता. तिला पाहून तो उठला. त्याच्या तोंडावर आश्चर्य नव्हतं.

"बसा, ताई. पाणी आणतो."

"रखमाजीभाऊ, मला स्टेशनावर पोचवा," ती म्हणाली. "मी इथं कशी आले मला कळत नाही. मला तळेगावला जायचंय."

"पोचिवतो की," तो म्हणाला. "समदेच येत्यात एकदा. त्ये चौघंबी आलते. घाबरू नगा. आमची आत्या चाकावर बसायची, करंगळी वाकडी व्हती तिची; येक दिस घरातनं गेली ती माघारी आलीच न्हाई, तवापासनं आई वाट बघती. आईला दिसत न्हाई. ती निस्ता हात हातात घेती, चाचपती, आन सोडून देती. मंग मी पोचिवतो. त्या चौघांनाबी असंच पोचिवलं." आणि मग, दोरीकडे बघत, "पर त्ये बाप्ये व्हते."

आत चुलीजवळ रखमाजीची आई, कस्तुराबाई, बसली होती. पार वाळलेली, डोळ्यांवर दुधासारखा पडदा आलेला. चंद्रिका उंबऱ्याशी थबकली. हात फक्त द्यायचा होता, क्षणभर. मग रखमाजी पोचवणार होता, अजून गाडी होती. तिनं वाकून हात पुढं केला.

म्हातारीनं तो तळव्यापासून चाचपला. अंगठा, मग एकेक बोट, अगदी सावकाश, जोंधळे निवडावे तसं. करंगळीपाशी येऊन ती थांबली. बाहेर रखमाजीचं दोरी वळणं थांबलं होतं.

"आलीस व्हय," म्हातारी म्हणाली. "किती गं उशीर केलास."

चंद्रिकेनं तोंड उघडलं. मी चंद्रिका, तळेगावची, त्र्यंबकमास्तरांची बहीण, हे तिला सांगायचं होतं; शब्द जिभेवर तयार होते, एकही चुकलेला नव्हता.

"सर जरा तिकडं, वैनी," ती म्हणाली. "चूल इजाया लागली."

म्हातारी सरकली. हात मात्र तिनं सोडला नाही.