भिजलेली गाठ

सोनमचं पत्र पेरणीआधी आलं होतं. भात पोटरीला येऊन कणसं धरायच्या बेतात आलं तरी परशराममामानं उत्तर धाडलं नव्हतं. "मामा, सौम्याला चार दिवस धाडा, न्हायतर मी येते," एवढाच मजकूर. सोनम ही सौम्याची निपाणीकडच्या गावातली मैत्रीण. गेल्या साली वेदगंगेच्या पुरात सौम्याचं घर पडलं, म्हणून आईबापांनी पोरीला कंग्राळीला मामाकडे शिकायला ठेवलं. इथं ती कुणाशी बोलेना. आभाळ भरलं की जेवेना. पुरातल्या माणसांची संगत तुटली की पूर विसरेल, असं ठरवून मामानं तिचा मोबाइलही काढून घेतला. मायेपोटी आपल्यातले कितीतरी जण हेच करतात!

त्यातच गोठ्यातली म्हैस सुटून रस्त्याला लागू लागली. दावं तुटलेलं नसे, सोडलेलं असे. मामाचा संशय शेजारच्या भरमावर. बांधावरून त्यांची जुनी कुरबुर होती. भरमा खोकला तरी मामाला तो इशारा वाटे.

एका ढगाळ संध्याकाळी मामा गवताच्या गंजीआड दबा धरून बसला.

"म्हशीवर पाळत? पोलीस झालासा व्हय?" मामी, नागुबाई, हसली.

"गप गं. आज घावतोय भरम्या!"

गोठ्यात सावली हलली. मामानं झडप घालून हात धरला. सौम्या! दाव्याची गाठ तिनं अर्धी सोडली होती.

"बांधू नका मामा! पाणी आलं तर? आमच्या म्हशीची गाठ भिजून आवळली... मला सुटलीच न्हाय. सोनमनं वढून मला छतावर नेलं."

"आईला सांगितलंस?"

"न्हाय. सोनमलाच ठावं हाय. ती हुती."

नागुबाईनं पोरीला जवळ घेतलं. "ऐकलासा? पूर तिच्या मनात तसाच ऱ्हायला, तुमी मैत्रीण तेवढी काढून घेतलासा. जिच्यापाशी रडायचं, तीच न्हाय, तर पोरीनं म्हशीपाशी जायचं?"

मामा खाली बसला. मग उठून त्यानं घरातून तिचा मोबाइल आणून सौम्याच्या हातात ठेवला.

दुसऱ्या दिवशी पोस्टाच्या वाटेवर भरमा भेटला. "काय आण्णा, चोर घावला का न्हाय?"

"घावला. मीच हुतो," मामा म्हणाला. "सांजच्याला चहाला ये."

मंडळी, संकटातून वाचलेल्या लेकरांना नुसतं छप्पर पुरत नाही. त्यांचं दुःख ओळखणारी माणसं त्यांच्यापासून तोडू नका!

"सोनम बाळ, तू ये. सौम्या वाट बघती," एवढं लिहिलेलं कार्ड मामानं पेटीत टाकलं, आणि ते आत पडल्याचा आवाज ऐकूनच तो मागं फिरला.