डाव्या पायावरचं पाणी

मी एक जुनं बांबूचं ओगराळं आहे. दुबईत हमदुल्लाच्या घरी रांजणावर असतं. पण मित्रांनो, माझा जन्म जपानचा! तिथल्या जुन्या अरण्यात एक हजार वर्षांचं शिंतो देऊळ आहे. देवळापुढच्या दगडी कुंडावर मी असायचं. भाविक माझ्याने हात धुवायचे, चूळ भरायचे आणि मगच देवापुढे जायचे. केवढा मान होता माझा!

१९६३ साली हमदुल्ला तिथे आला. मूळचा रत्नागिरीचा, तेलाच्या जहाजावरचा खलाशी. आखातातल्या दास बेटावरून तेल भरून त्याचं जहाज जपानला लागलं होतं. इकडे दुबईत त्याच्या बायकोचे, बिलकीसचे, दिवस भरत आले होते. पहिलं मूल दगावलेलं, आणि महिनाभर पत्र नाही. बिचाऱ्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. म्हणून त्याचा सोबती खैरुद्दीन त्याला झाडांत फिरायला घेऊन आला.

एवढाली झाडं, एवढी शांतता! हमदुल्लाला नमाज पढून दुआ मागावीशी वाटली. पण नमाजाआधी तोंड, हात, पाय धुवायला पाणी हवं. तेवढ्यात कुंड दिसलं.

"यल्ला, चल खैरुद्दीन, इथे वजूची सोयपण आहे!"

त्याने तोंड धुतलं, कोपरापर्यंत हात धुतले. मग पँट वर करून माझ्याने सरळ उजव्या पायावर पाणी ओतलं! लोक बघतच राहिले.

"खलास! अरे, इथे पाय कोणी धूत नाही," खैरुद्दीन कुजबुजला.

देवळाचे म्हातारे राखणदार जवळ आले. हमदुल्ला शरमेने अर्धा झाला. "माफ करो बाबा, गलती हो गई," म्हणताना त्याला रडूच फुटलं. "घरवाली पेट से है. कोई खबर नहीं."

बाबांना एक शब्द कळला नसेल. त्यांनी मला उचललं, भरलं, आणि वाकून त्याच्या डाव्या पायावर पाणी घातलं. मग झाडाखालची मोकळी जागा दाखवली.

पायधुणीला वापरलेलं मी परत कुंडावर कसं राहणार? बाबांनी मला फडक्यात गुंडाळून त्यालाच दिलं. खरं सांगतं, मी फार रुसलं होतं. पण दुबईला पोचलो तर बिलकीसच्या मांडीवर टवटवीत साजिदा! त्या दिवशी तिला माझ्यानेच आंघोळ घातली. रुसवा कुठच्या कुठे गेला.

आता इथल्या कोरड्या हवेने मला चीर गेली आहे. परवा सहा वर्षांची साजिदा मला कचऱ्यात टाकायला निघाली. "अब्बा, इट्स ब्रोकन!"

हमदुल्ला नुकताच बाहेरून आला होता, पाय वाळूने माखलेले. दारातच बसून त्याने तिला सगळं सांगितलं. मला रांजणात बुडवून तिने त्याच्या उजव्या पायावर पाणी घातलं. निम्मं वाटेतच गळलं.

मित्रांनो, चिरलेली वस्तू टाकण्याआधी तिची हकीकत घरच्या मोठ्यांना एकदा विचारा हो. मला फार काही लागत नाही, एक ओलं फडकं पुरे. साजिदा आता रोज मला त्यात गुंडाळते.

त्या दिवशी दारात तिने मला पुन्हा भरलं, वाकली आणि म्हणाली, "अब्बा, नाऊ द अदर फूट."