बंद खोक्यातला लॅपटॉप

…पेनड्राइव्हचं टोपण खिशातल्या खिशात पुन्हा निघालं होतं आणि त्याचा अंगठा त्या उघड्या धातूवरून फिरत होता. समोर दुकानात ओळीने मांडलेल्या लॅपटॉपांच्या कळा लाल, हिरव्या, जांभळ्या उजळत होत्या, जणू अक्षरं उमटवायलाही सर्कशीचा तंबू लागतो.

"कुठलाही गेम खेळा मॅडम, अडकणार नाही," विक्रेता म्हणाला.

"मी पुस्तकांची भाषांतरं करते," ताई म्हणाली. "तिथे माझी मीच अडकते."

विक्रेता बेतापुरतं हसला. विंडोज नको, फुकटचं लिनक्स घालणार, हे त्याला आधीच सांगून झालं होतं; आणि लिनक्सवालं गिऱ्हाईक त्याच्या लेखी हॉटेलात येऊन नुसतं पाणी पिणारं.

ताईचा मागचा लॅपटॉपही या तिच्या भावानेच निवडला होता, गेमवाल्यांचाच, भारी ग्राफिक्स कार्डाचा. लिनक्सही यानेच घातलं होतं, आणि तीन वर्षं चारचौघांत सांगितलं होतं – आमची ताईसुद्धा वापरते! परवा कळलं, की त्या कार्डापायी झाकण मिटून उघडलं की पडदा काळाच राहतो, म्हणून ती झाकण मिटतच नाही, या खोलीतून त्या खोलीत उघडा लॅपटॉप नेते, दोन्ही हातांनी, वाढलेल्या ताटासारखा… "लिनक्समध्ये असंच असतं ना रे?" असं तिने सहज विचारलं. तीन वर्षं. आणि मी तिला एकदाही विचारलं नाही, त्याच्या मनात आलं, कारण उत्तर मला आधीच ठाऊक होतं.

सोमवारी तिचं नवं पुस्तक सुरू व्हायचं होतं.

कोपऱ्यात, धूळ खात, एक साधा लॅपटॉप होता. कसलेही दिवे नसलेला. त्याने पेनड्राइव्ह लावून त्यावरूनच लिनक्स सुरू केलं. वायफाय लागलं, आवाज आला. झाकण मिटलं, उघडलं – पडदा आला. पुन्हा मिटलं. सहाव्यांदा विक्रेत्याला राहवलं नाही.

"सर, बिजागरी तपासताय का?"

"हाच द्या."

"हा मांडणीतला आहे, विकता येत नाही. तुम्हाला सीलबंद मिळेल. मॉडेल तेच."

तेच! खोक्यावरचा नंबर तोच असतो, पण आत वायफायची चिप कंपनी हाताला लागेल ती बसवते, लिनक्सवर चालणारी किंवा न चालणारी, हे याच्याइतकं त्या दुकानात कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि तरी अर्धा तास त्याने नेमका तो लॅपटॉप तपासला होता जो ताईच्या घरी येणारच नव्हता.

"घेऊ ना?" ताई म्हणाली. "तू म्हणशील ते."

"पडदा येईल बहुतेक. पण यातलं वायफाय चालेल की नाही, मला माहीत नाही."

"मागच्या वेळी माहीत होतं?"

"…नव्हतं."

"बरं." ती विक्रेत्याकडे वळली. "नाही चालला तर परत घेता का?"

विक्रेता तिला अटी सांगू लागला. तिने चष्मा चढवला आणि खोक्यावरची बारीक अक्षरं एकेक करून वाचायला घेतली. मध्येच तिने एक शंका काढली – ती विक्रेत्याला, याला नव्हे. ताईची बोलणी बसतील असं त्याला वाटत होतं, त्यांची त्याने तयारीही केली होती. पण बोलणी बसत नव्हती, आणि त्या दोघांच्या एक पाऊल मागे उभं राहून तो ऐकत होता, हातांचं काय करावं हे न कळून, काहीसा हलका… काहीसा उरलेला.