वावाचं पाणी

बाळाला रडू द्यायचं नाही, असं नेलिदानं सगळ्यांना बजावलं होतं. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी त्याच्या श्वासनलिकेभोवती कड्यासारखी आवळलेली होती. मान मागे टाकून तो कसाबसा श्वास ओढायचा. रडला की नळी मिटायची, ओठ निळे पडायचे. नेलिदा भूल देणारी डॉक्टर. कडं कापलं जाईपर्यंत त्याचा श्वास तिच्या हवाली.

आणि नेमकी ऑपरेशनच्या सकाळी त्याची आई, सातुर्निना, पाण्याचा पेला घेऊन दारात उभी राहिली. बाप्तिस्मा झाला नव्हता, म्हणून सगळे त्याला नुसतं वावा, म्हणजे बाळ, म्हणत. बाप्तिस्म्याचं पाणी न घातलेलं मूल गेलं की त्यांच्या गावच्या समजुतीप्रमाणे पठारावर गारा पडतात, बटाट्याचं पीक झोपतं, आणि मग सगळं गाव त्या आईला धारेवर धरतं. पाणी आईनं घालून चालत नाही, ते धर्ममातेचं काम; बाळाचं नाव घेऊन ती पाणी घालते.

"डॉक्टरबाई, तुम्हीच व्हा त्याची धर्ममाता. दोन थेंब टाका."

"गार पाण्यानं रडेल गं तो. ऑपरेशन होऊ दे, मग मी स्वतः घालते."

सातुर्निनानं पेला खाली ठेवला.

नेलिदानं हळूहळू वायू देऊन त्याला झोपवलं. अंग लुळं करणारं औषध तिनं मुद्दाम टाळलं. त्याचा तो श्वास घेत होता. आता रडण्याची भीती नव्हती. दोन थेंबांसाठी तिचा हात पाण्याच्या नळाकडे गेला. तेवढ्यात सर्जन आर्से आत आले. नर्सकडून त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं.

"काय गं, पाद्रीबाई झालीस की काय? आटप."

सगळे हसले. तीही हसली, आणि हात मागे घेतला.

बाळाला कुशीवर वळवलं आणि श्वास अडला. तिनं घशातली श्वासाची नळी खोल सारली, त्याला पालथं घातलं, पुन्हा वळवलं. हवा जाईना. कड्याला हात लागण्याआधीच हृदय थांबलं.

बाहेर येऊन तिनं सांगितलं. सातुर्निना भिंतीला टेकून खाली बसली. मग तिनं विचारलं, "पाणी घातलंत ना?"

"घातलं," नेलिदा म्हणाली. "झोपेत. त्याला कळलंही नाही."

"नाव काय ठेवलंत?"

नाव नेलिदानं कधी विचारलंच नव्हतं.

सातुर्निना तिच्याकडे बघत राहिली. रडली नाही, रागावलीही नाही. खांद्यावरची शाल सारखी करत ती खालच्या आवाजात म्हणाली, "एलिसेओ. गावची माणसं विचारायला येतील. त्यांना एलिसेओ सांगा."

"एलिसेओ," नेलिदा म्हणाली.