पथ्य मोडलं कोणी?

त्या शनिवारी सायखेड्याच्या घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. पिंपळाच्या फांदीफांदीला नारळ टांगलेले. कुत्रं चावलेला माणूस बरा झाला की त्यानं इथं एक नारळ बांधायचा, ही पुंजाबुवांच्या दरबाराची रीत. खाली बुवा मांडी ठोकून बसले होते. त्यांच्यासमोर सात वर्षांची साळू पाठमोरी बसवलेली, आणि तिच्या उघड्या पाठीला काशाची थाळी चिकटलेली.

"बघा, थाळी इष ओढतीया!" बुवा ओरडले. "इष संपलं की आपोआप गळून पडंल. आन सरकारी दवाखान्यात काय करत्यात? पोटाला चौदा भोकं! तंगडीला चावलेलं कुत्रं पोटातून निघतं व्हय?"

लोक खो खो हसले. मी धापा टाकत गर्दीत घुसलो. मी गावच्या शाळेत मास्तर, पोरांकडून वादविवाद स्पर्धेची तयारी करून घेणारा. खरं सांगतो, हा बुवा माझ्या संघात असता तर जिल्ह्याची ढाल आमच्याच शाळेत राहिली असती.

साळूला सोमवारी गल्लीतलं तांबडं कुत्रं चावलं. शुक्रवारी संध्याकाळी ते पिसाळून, लाळ गाळत, पाय ओढत मेलं. मी तडक तिच्या आईकडे, चंद्रभागाबाईकडे गेलो. "सकाळच्या पहिल्या गाडीनं नाशिकला न्या," म्हणालो. तर ती म्हणे, "आधी बुवाकडं नेते, मंग बघू." या रोगात 'मंग' नसतो हो! एकदा लक्षणं दिसली की डॉक्टरसुद्धा हात टेकतात. पहिली गाडी तर गेलीच होती. दुसरी साडेअकराला होती आणि आता अकरा वाजून गेले होते.

"बुवा, विष असेल तरच थाळी चिकटते ना?" मी विचारलं.

"तर!"

"आणि नसेल तर?"

"शंभरदा लावा, चिकटायची नाय."

मी सदरा काढला. "मला जन्मात कुत्रं चावलेलं नाही. लावा."

बुवा जागचे हलेनात. तिथंच दुसरी थाळी पडली होती. मी साळूच्या मामाला, देवरामला म्हणालो, "तू लाव." त्यानं माझ्या पाठीला ओला अंगारा फासला आणि थाळी दाबली. थाळी घट्ट चिकटली.

"बघा," मी ओरडलो. "थाळी मधून खोलगट आहे. ओल्या राखेवर दाबली की आतली हवा निघते आणि ती धरून बसते. अंगाच्या उबेनं राख सुकली की पडते. विषाचा काय संबंध?"

मला वाटलं, जिंकलो. कसलं काय!

"मंडळी," बुवांनी हात जोडले, "मास्तरच्या अंगात नास्तिकपणाचं इष हाय! थाळीनं बराबर ओळखलं!"

टाळ्या, शिट्ट्या. मुद्दा सोडून माणसाला धरायचं, या युक्तीबद्दल मी वर्गात गुण कापतो.

"वर बघा," बुवा म्हणाले. "चारशे नारळ! चारशे माणसं खोटी का?"

"माणसं खरी आहेत. पण त्यांना चावलेलं कुत्रं पिसाळलेलं होतं का? साध्या कुत्र्याच्या चाव्यानं माणूस मरत नाही, बुवा असो की नसो. कुत्रं असं लाळ गाळत मेलं आणि माणूस जगला, असा एक दाखवा! आणि जे मेले, त्यांचे नारळ कोण बांधणार?"

"मेले त्यांनी पथ्य मोडलं! एकवीस दिवस पाणी नजरंला पडू द्यायचं नाय."

दहा पावलांवर गोदावरी वाहत होती, आणि म्हणे पाणी नजरेला पडू द्यायचं नाही! मला तेव्हा कुठे डाव कळला. असं पथ्य सांगायचं की ते कुणाला पाळताच येऊ नये. रोगी जगला तर बुवांचा गुण, मेला तर घरच्यांची चूक. हरायची वाटच बंद केली की कुणीही जिंकेल. पण पंधरा मिनिटांत हे चंद्रभागाबाईला कसं समजवायचं?

"गुरुजी, पाया पडते, जावा तुमी," ती म्हणाली. "बुवा कोपले तर माझी एकुलती लेक जायची हो." मला रडूच यायचं बाकी होतं.

"सावळीरामचं पोर आठवा," बुवांनी शेवटचा घाव घातला. "आईनं पाणी दावलं म्हणून गेलं. मरताना पेला बघून किंचाळत व्हतं. आणखी काय पुरावा पायजे?"

बायकांतून सावळीरामची बायको, कुसाबाई उठली. वर्ष झालं, नवरा तिच्याशी बोलत नव्हता.

"म्या पाणी दावलं नाय," ती म्हणाली. "एकवीस दिवस पोराला अंधाऱ्या खोलीत ठिवलं. डोळ्याला फडकं बांधून पाणी पाजलं. समदं पथ्य पाळलं. पुढं महिन्यानं त्यो गेला. का गेला, बुवा?"

"कुठंतरी चुकलं आसंल तुजं."

"कुठं? सांगा की, कुठं?"

बुवा थाळी पुसू लागले.

"अहो, पाण्याला भिणं हाच तर हा रोग!" माझा आवाज फाटला. "विष मेंदूत गेलं की घसा आवळतो, पेला बघितला तरी जीव घाबरा होतो. पोरानं पाणी पाहिलं म्हणून रोग झाला नाही, रोग झाला म्हणून ते पाण्याला भ्यालं. बुवानं त्या पोराचं दुखणं उचललं आणि आईच्या माथी मारलं!"

चंद्रभागाबाईनं साळूच्या पाठीवरची थाळी खसकन ओढून फेकली आणि पोरीला उचलून ती स्टँडकडे पळत सुटली. देवराम पुढे धावला आणि हात पसरून एस.टी.समोर उभा राहिला.

नाशिकला पंचवटीत माझ्या बहिणीकडे मायलेकी चौदा दिवस राहिल्या. त्या काळच्या रीतीनं पोटात रोज एक सुई, रोज साळूचा आकांत. साळू जगली. पण ती जगली म्हणून सुई खरी, असं मी म्हणणार नाही, नाहीतर माझ्यात आणि बुवात फरक काय? सुई खरी, कारण ती टोचलेले किती जगले आणि किती मेले, दोन्ही दवाखान्यात लिहून ठेवतात आणि विचारलं की दाखवतात.

त्यांना बहिणीकडे पोचवून मी गावी परतलो, तर कुसाबाई शाळेच्या पायरीवर बसलेली. मला बघून उठली.

"गुरुजी, मंग माझ्या हातनं पोर गेलं नाय ना?"

"नाही, बाई. अजिबात नाही."

ती खाली बसली आणि हमसून हमसून रडली. मी वर्गात गेलो नाही, तिच्याजवळच उभा राहिलो.

बाबांनो, चमत्कार सांगणाऱ्याला एवढंच विचारा: काय घडलं तर तुम्ही मान्य कराल की तुमचं चुकलं? त्याला सांगता आलं नाही, तर तिथं थांबू नका. पोराला उचला आणि दवाखाना गाठा. आणि उशीर झालाच, तर निदान आईला दोष देऊ नका.