वाढलेले वजन

प्रोटॉनचे किरण शरीरात ठरलेल्या खोलीवर जाऊन थांबतात, असे डॉ. अनुपमा यांनी काशीरामच्या घरच्यांना पहिल्याच भेटीत समजावले होते. यकृतातली गाठ मोठ्या शिरेपर्यंत पोचली होती. ती कापून काढण्याची वेळ निघून गेली होती. किरणांनी ती आटली, तर आणखी काही काळ हाती लागण्याची शक्यता होती. "दोन गोष्टी तुम्ही सांभाळा," त्या म्हणाल्या होत्या. "मीठ अगदी कमी. आणि वजन उतरू द्यायचं नाही."

त्याच्या बायकोने, कमळने, दुसरी गोष्ट मनावर घेतली.

उपचारांसाठी गोराईचे घर बंद करून दोघे मुलुंडला मुलीकडे, हेमांगीकडे राहायला आले होते. तिथून ऐरोलीच्या पुलावरून इस्पितळ जवळ पडे. पण मुलीची अळणी डाळ काशीराम ताटात नुसती फिरवत बसे.

"हे आजाऱ्याचं जेवण."

"बाबा, आजारीच आहात तुम्ही."

"मग बरा झाल्यावर जेवीन."

गावी तोंडाची चव गेलेल्या माणसाला खाऱ्या मासळीचा तुकडा भाजून देत. तापातून उठलेल्याला, बाळंतिणीलासुद्धा. हेमांगी कामावर गेली की कमळ सोबत आणलेल्या खाऱ्या सुरमईचा तुकडा पाण्यात भिजवी, दोनतीनदा धुई आणि तव्यावर भाजून पेजेबरोबर त्याच्यापुढे ठेवी. धुतल्यावर खार निघून जातो, याबद्दल तिला शंका नव्हती. बाजारात मासळी विकताना सारा जन्म ती गिऱ्हाइकांना हेच सांगत आली होती. काशीराम पेज संपवी.

इस्पितळातला काटा आधी स्थिर राहिला, मग वर चढू लागला. यंत्रावरचा तंत्रज्ञ सिद्धेश म्हणाला, "काका, झकास! मुलुंड मानवलं तुम्हाला. आता श्वास धरा."

"पाण्याखाली जाळी सोडवली रे मी. तू मला श्वास धरायला शिकवतोस?"

कमळ त्या दिवशी हसली. हेमांगीने नवऱ्याला फोन करून वजनाचा आकडा सांगितला. लेंग्याची नाडी सैल करावी लागली, तेव्हा कमळला वाटले, अंग भरतेय.

तिसऱ्या आठवड्यात एकदा, किरण सोडण्याआधीचे चित्र काढल्यावर सिद्धेश बराच वेळ बाहेर आला नाही. काशीरामला चाकांच्या खुर्चीत बसवून बाहेर ठेवले आणि डॉ. अनुपमांनी कमळ आणि हेमांगीला आत बोलावले.

"पोटात पाणी साठलंय. आतलं सगळं जागेवरून हललंय. अशात किरण सोडले, तर ते भलतीकडे थांबतील, आतड्याला जाळतील. रक्तात कावीळही वाढलीय. थांबवावं लागतंय."

"किती दिवस?" हेमांगीने विचारले.

"पाणी काढू. यकृत सावरलं, तर किरणांची पुन्हा आखणी करता येईल. पण मला तशी आशा दिसत नाही."

"वजन वाढलंय पण त्यांचं," कमळ म्हणाली.

"ते पाण्याचं वजन आहे, कमळताई. जेवणात मीठ किती असायचं?"

"मिठाचा डबा मी वर लपवून ठेवलाय," हेमांगी म्हणाली.

कमळने पदराचे टोक मुठीत धरले. "खारं देत होते मी. धुऊन."

"आई!"

डॉ. अनुपमांनी हेमांगीला हाताने थांबवले. "मूळ यकृतच थकलंय. मिठानं पाणी लवकर साठलं असेल. मिठाशिवायही साठलं असतं. कधी, ते मला सांगता येणार नाही."

दोघी बाहेर आल्या. काशीराम वाट पाहत होता.

"आज नाय?"

"नाय."

"मग उद्या?"

हेमांगी पुढे होऊन काही सांगणार होती. कमळ आधीच बोलली. "उद्यापण नाय. पोटात पाणी झालंय. मी खारं दिलं म्हणून."

काशीरामने पोटावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. समोरून एक नर्स गेली, लिफ्ट येऊन परत गेली.

"मीच मागत होतो ना गो," तो म्हणाला.

"तुम्ही कधी मागितलं? मीच देत होते."

तो मुलीकडे पाहून म्हणाला, "पाणी काढायचं तर काढू दे. त्यानंतर मला गोराईला ने."

हेमांगी फोनवरून गाडी बोलवायला खिडकीपाशी गेली. त्याला उठवण्यासाठी कमळने त्याच्या दंडाला धरले. बोटांना सरळ हाड लागले. रोज त्याला सदरा तीच घालत होती. हाड आज पहिल्यांदा लागले, असे नव्हते.